फायर अलार्मचं रजिस्टर: नुसतं ‘सर्व ओके’ लिहून भागतं का?

मागच्या अंकात दुकानातल्या आणि घरातल्या फायर सिलिंडरबद्दल लिहिलं होतं. त्यावर जे मेसेज आले ते बघितले तर बरेचसे सिलिंडरबद्दल नव्हतेच, कागदाबद्दल होते. तपासणी झाली की लिहायचं काय, सही कुणाची, फॉर्म कुठला, असं सगळं. म्हणून यावेळी फक्त तेवढंच घेतलंय. नावं छापू नका म्हणून सगळ्यांनीच सांगितलंय, त्यामुळं नुसती गावं दिलीत.

प्रश्न: टिळकवाडीतल्या पाच मजली अपार्टमेंटचा मी सेक्रेटरी. एएमसीवाला, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारावरचा मुलगा तीन महिन्यांनी येतो, अलार्मच्या मुख्य पेटीपाशी म्हणजे पॅनेलपाशी दहा मिनिटं उभा राहतो, रिपोर्टवर ‘सर्व चेक केलं, ओके’ लिहून माझी सही घेऊन जातो. कमिटीतले एक काका म्हणतात हे काही कामाचं नाही. मग लिहायचं तरी काय नक्की?

काकांना चहा पाजा, बरोबर बोलतायत ते. ओके म्हणजे काय ओके? पॅनेल का चौथ्या मजल्यावरचा हूटर? त्या मुलानं गच्चीवरच्या लिफ्ट रूमचं कुलूप उघडलं होतं का, का किल्ली नाही म्हणून तसाच खाली आला, हे त्या एका ओळीतून कुणालाच कळणार नाही, तुम्हाला पण नाही आणि पुढच्या वेळी येणाऱ्या मुलाला तर नाहीच नाही.

पहिल्यांदा एवढं डोक्यात वेगळं करा की नुसतं बघणं, चालवून बघणं आणि दुरुस्त करणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. डिटेक्टर जागेवर आहे, पेंटरनं त्यावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी काढलीय, बारका लाईट लुकलुकतोय, हे झालं बघणं. त्याला टेस्टचा स्प्रे मारून पॅनेलवर बरोबर जागा येते का, हूटर वाजतो का, हे झालं चालवून बघणं. अमेरिकेत एनएफपीए ७२ म्हणून मानक आहे त्यात पण पाहणी आणि चाचणी वेगळीच धरलीय. आपल्याकडं अलार्मसाठी आयएस २१८९ आहे, त्यात सिस्टीम निवडण्यापासून देखभालीपर्यंत सगळं येतं, तुमच्या एएमसीच्या करारात त्याचा नंबर आहे का बघा एकदा. आपल्याकडं होतं काय की बघितलेलं सगळं चालवून बघितलं म्हणून लिहिलं जातं आणि सगळा घोळ तिथं होतो.

दुसरं म्हणजे यादी. एकदाच बसा, मुलाला सोबत घ्या, बिल्डिंगमधला प्रत्येक डिटेक्टर, प्रत्येक काच फोडायचा लाल डबा म्हणजे एमसीपी, प्रत्येक हूटर, सगळ्याला नंबर आणि जागा लिहून काढा. जागा अशी लिहा की नवीन वॉचमनला पण सापडली पाहिजे, ‘दुसरा मजला पॅसेज’ नको, ‘दुसरा मजला, लिफ्टच्या दारासमोर’ असं. ही यादी झाली की पुढचं सोपं आहे, दर वेळी त्या यादीवर खूण करायची. एकूण किती, त्यातले आज किती चालवून बघितले आणि राहिले ते कुठले आणि का, हे तिन्ही आलं पाहिजे. ‘राहिले’ हा रकाना कुणाला लिहायला आवडत नाही पण मला विचाराल तर रजिस्टरमधला सगळ्यात प्रामाणिक रकाना तोच.

नमुना म्हणून एक नोंद देतो (यात झोन म्हणजे पॅनेलसाठी पाडलेला बिल्डिंगचा एक भाग), अशी दिसली पाहिजे:

‘१२ जून, सकाळी १०.४०. आल्यावर पॅनेल नॉर्मल, फॉल्ट लाईट नाही. रहिवाशांना सांगून टेस्ट सुरू. दुसरा मजला लिफ्टसमोरचा एमसीपी टेस्टच्या चावीनं चालवला. पॅनेलवर झोन ३ आलं, भिंतीवरच्या चार्टवर तो डबा झोन २ मधे आहे, चार्ट चुकलाय. सगळे हूटर वाजले, चौथ्या मजल्यावर बंद दाराआड बेडरूममधे ऐकू आला नाही. लिफ्ट रूमचा डिटेक्टर बघितला नाही, किल्ली मिळाली नाही. ११.२५ ला पॅनेल रिसेट, नॉर्मल.’

बघा, यात ओके कुठंच नाही पण वाचणाऱ्याला सगळं कळतं. आणि ती झोनची चूक छोटी वाटेल पण रात्री दोनला बंब आल्यावर जवान चार्ट बघूनच वर पळणार ना, भलत्या मजल्यावर जाईल तो. शेवटची ओळ पण विसरू नका, टेस्टसाठी हूटर नाहीतर एखादा झोन बंद करून ठेवतात आणि परत चालू करायचं राहून जातं, हे होतं बरं का, म्हणून बंद केल्याची वेळ आणि परत चालू केल्याची वेळ, दोन्ही लिहायचं.

बॅटरीचं वेगळं सांगतो कारण तिथं सगळेच टाळाटाळ करतात. बहुतेक पॅनेल २४ व्होल्टचे असतात, आत १२ व्होल्टच्या दोन सीलबंद बॅटऱ्या सिरीजमधे जोडलेल्या. लाईट असताना मीटर लावला तर साधारण २७ च्या आसपास दाखवतो आणि मुलगा लिहितो बॅटरी ओके. अहो तो आकडा चार्जरचा आहे. मेन सप्लाय बंद करा, अर्धा तास पॅनेल बॅटरीवर चालू दे, मग हूटर वाजवून व्होल्टेज बघा, सुरुवातीचा आकडा आणि शेवटचा आकडा दोन्ही रजिस्टरला. आणि बॅटरी बसवली ती तारीख मार्करनं बॅटरीवरच लिहून ठेवा, तीन ते पाच वर्षात या बॅटऱ्या थकतात, आणि बिल शोधत बसायला कुणाला वेळ आहे.

रोजचं काम मात्र वॉचमनचं. ड्युटीवर आला की पॅनेलकडं एक नजर, हिरवा का पिवळा का लाल, वेळ आणि सही. आठवड्यातून एक एमसीपी चालवायचा, दर आठवड्याला वेगळा, म्हणजे फिरत फिरत सगळे होतात. एकच जवळचा डबा दर वेळी चालवला तर तो एकच डबा चांगला आहे एवढंच सिद्ध होतं.

प्रश्न: दादा, मी उद्यमबागेत एका फायर सिस्टीमच्या कंपनीत टेक्निशियन आहे, दोन वर्षं झाली. साहेब म्हणतात रिपोर्टमधे फॉल्ट लिहू नको, कस्टमर घाबरतोय आणि ऑडिटवाला अडकवतो. वर आणि एका फॅक्टरीची मागच्या महिन्याची व्हिजिट राहिली होती तर ती तारीख टाकून आज भरून टाक म्हणतात. नोकरी पण पाहिजे. काय करू?

मागची तारीख टाकू नकोस. बाकी सगळ्यात थोडं इकडं तिकडं चालेल, यात नाही.

पहिलं कारण अगदी मशीनचं आहे. आताच्या ॲड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक डिटेक्टर नंबरानं ओळखणाऱ्या पॅनेलच्या पोटात घड्याळ आणि मेमरी असते, कधी अलार्म आला, कधी फॉल्ट, कधी रिसेट केला, तारखेसकट साठवून ठेवतो तो. तुझ्या रिपोर्टवर ८ तारखेला टेस्ट केली आणि पॅनेलच्या मेमरीत ८ तारखेला काहीच हललेलं नाही, हे उद्या कुणी पण शेजारी शेजारी ठेवून बघेल. फॅक्टरीच्या गेटवरचं रजिस्टर आहे ते वेगळंच, तुझी गाडी आत गेलीच नाही त्या दिवशी.

दुसरं कारण, सही तुझी आहे. साहेबांची नाही. दिल्लीच्या उपहार थिएटरची आग, १३ जून १९९७, ५९ माणसं गेली. तो खटला किती वर्षं चालला ते सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच खटल्याच्या कोर्टातल्या कागदांशी छेडछाड केली म्हणून वेगळी केस झाली आणि २०२१ मधे त्यात लोक दोषी ठरले, आग लागून चोवीस वर्षं झाल्यावर. कागद असा मागं लागतो.

राहिलेली व्हिजिट कशी लिहायची ते सांगतो. आजची तारीख, खाली ‘मागच्या महिन्याची ठरलेली तपासणी झाली नाही, आज केली’ बस. उशीर झाला हे दिसतं, चालतंय, उशीर हा गुन्हा नाही. लिहिताना चुकलं तर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला बारकी सही आणि तारीख. व्हाइटनर रजिस्टरपासून लांब ठेव.

आता फॉल्ट लिहायचा का नाही. लिहायचा, पण कसा लिहितोस त्यावर आहे सगळं. ‘हूटर खराब’ असं लिहिलंस की कस्टमर चिडतो, साहेब चिडतात, आणि तुला पण नक्की माहीत नसतं की खराब काय आहे. त्याऐवजी ‘पॅकिंग विभाग, दारावरचा हूटर क्रमांक ४, टर्मिनलला २४ व्होल्ट येतंय, आवाज नाही’ असं लिही, जे दिसलं तेवढंच, अंदाज नाही, दोष कुणाचा ते पण नाही. पुढं तीन रकाने: कुणाला सांगितलं, कधी दुरुस्त झालं, दुरुस्तीनंतर परत चालवून बघितलं का. तिसरा रकाना भरल्याशिवाय ती नोंद बंद करायची नाही, पुढच्या महिन्यात वर परत आणून लिहायची. साहेबांना पण याच बाजूनं सांग की फॉल्ट लिहून कस्टमरची सही घेतली तर दुरुस्तीचं कोटेशन देता येतं आणि उद्या काही झालं तर आपण सांगितलं होतं हे कागदावर राहतं, ओके लिहिलं तर सगळं आपल्या अंगावर. साहेब लोकांना हे पटकन कळतं.

आणि एक, उदबत्ती नाहीतर बिडीचा धूर देऊन डिटेक्टर टेस्ट करणं बंद करा आता. आत काजळी बसते आणि मग तोच डिटेक्टर दोन महिन्यांनी उगाच वाजतो. टेस्टचा कॅन मिळतोय की बाजारात.

प्रश्न: आमचं निपाणीत तंबाखूचं गोडाऊन आहे, मेहुण्यांचं कागलला. ते म्हणतात जानेवारीत आणि जुलैत फॉर्म बी भरायचाच, नाहीतर नोटीस येते. आम्हाला आजवर कुणी विचारलं नाही. आम्ही पण भरायचा का?

फॉर्म बी हा महाराष्ट्राचा. तिथं २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्यात मालकानं नाहीतर जागा वापरणाऱ्यानं वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै, लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत आहे असं सर्टिफिकेट घेऊन फायर ऑफिसला द्यायचं असतं. कागल महाराष्ट्रात, म्हणून मेहुण्यांचं बरोबर आहे, पण त्यांच्या जागेपुरतं.

निपाणी बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे तुम्हाला कर्नाटकाचा १९६४ चा फायर फोर्स कायदा आणि कर्नाटकाच्या अग्निशामक खात्यानं तुमच्या जागेला जे पत्र दिलं असेल त्यातल्या अटी. ते पत्र शोधून काढा, बहुतेकांचं आर्किटेक्टच्या नाहीतर सीएच्या फाईलीत पडून असतं. मुदत किती, कुठली यंत्रणा लिहिलीय, नूतनीकरण कधी, सगळं त्यातच आहे. सीमाप्रश्नावर आपलं मत काय असायचं ते असू दे, फॉर्म मात्र गोडाऊन ज्या राज्यात उभं आहे त्या राज्याचा. कागलच्या एजन्सीचं लायसन्स दाखवून निपाणीत कुणी ‘हे चालतंय’ म्हणत असेल तर लेखी मागा.

तरी पण सहा महिन्यांची सवय चांगली आहे, कुणी विचारो न विचारो. तुमच्याकडं तंबाखूची धूळ, स्मोक डिटेक्टरच्या जाळीत बसते आणि खोटा अलार्म येतो, म्हणून साफ कधी केलं हा रकाना तुमच्या रजिस्टरला जास्तीचा पाहिजे. अशा धुळीच्या जागेत काही ठिकाणी स्मोकऐवजी हीट डिटेक्टर बरा पडतो, डिझाइन करणाऱ्याला विचारा आणि बदललात तर यादीत आणि नकाशात पण बदला.

प्रश्न: मी खानापूर भागात मुलींच्या हॉस्टेलची वॉर्डन आहे. पाऊस सुरू झाला की रात्री अपरात्री अलार्म वाजतो, मुली आता उठत पण नाहीत. मागच्या जुलैत वॉचमनमामांनी हूटरच बंद करून ठेवला होता, आम्हाला नंतर कळलं. असं झालं तर ते रजिस्टरला लिहायचं का? लिहिलं तर आमच्यावरच येईल ना?

लिहायचं, ताई. न लिहिलेलं जास्त अंगावर येतं.

तुमच्या भागातला पाऊस म्हणजे काय सांगायला नको, जांबोटी-कणकुंबीकडं तर भिंती महिनाभर ओल्याच असतात. ओल केबलच्या जोडात शिरली की पॅनेल अर्थ फॉल्ट, म्हणजे करंट जमिनीत गळतोय असं दाखवतो, डिटेक्टरच्या आत दमटपणा नाहीतर बारके किडे गेले की धूर समजून वाजतो. म्हणजे वॉचमनमामांचा वैताग खरा आहे, उपाय तेवढा चुकला.

प्रत्येक खोट्या अलार्मची एक ओळ: वेळ, पॅनेलवर आलेली जागा, तिथं जाऊन कुणी बघितलं आणि त्यावेळी आजूबाजूला काय चालू होतं. गिझरची वाफ, तव्याचा धूर, डास मारायचा फवारा, छतावर ओल, जे असेल ते. महिनाभर नीट लिहिलंत तर बघा, बहुतेक वेळा एक दोनच जागा परत परत येतात. मग एएमसीवाल्याला ‘अलार्म उगाच वाजतो’ असं सांगायची वेळ येत नाही, ‘बाथरूमच्या दाराबाहेरचा डिटेक्टर, सकाळी सहा ते सात’ असं सांगता येतं, आणि तो पण मग तिथंच हात घालतो, डिटेक्टर सरकवतो नाहीतर जोड सुकवून सील करतो.

काही बंद करावंच लागलं तर पूर्ण हूटर बंद करू नका, त्रास देणारा तेवढा डिटेक्टर नाहीतर झोन बंद करा आणि रजिस्टरला वेगळ्या पानावर लिहा: काय बंद, कुणी सांगितलं, किती वाजता, परत चालू कधी करणार. तोपर्यंत त्या मजल्यावर रात्री तासातासाला फेरी आणि प्रत्येक फेरीची वेळ. हे पान कोऱ्या फुलस्केपवर लिहून पॅनेलच्या दारावर पण चिकटवा, शिफ्ट बदलली तरी दिसलं पाहिजे.

मुली उठत नाहीत म्हणालात ते मला जास्त काळजीचं वाटलं. झोपायच्या जागेत हूटरचा आवाज उशाशी ७५ डेसिबल तरी पाहिजे असं धरतात. हॉस्टेलची टेस्ट म्हणून पॅसेजमधे उभं राहून करू नका, खोलीत जा, दार लावा, पंखा चालू करा, मग ऐका आणि लिहा. साउंड मीटर नसला तर मोबाइलवरच्या ॲपनं अंदाज येतो, पण लिहिताना ॲपनं मोजलं असं लिहा.

आता तुम्ही न विचारलेलं एक. रात्री मागच्या जिन्याच्या दाराला कुलूप असतं का? मुलींचं हॉस्टेल म्हणजे असणारच, पालकांना पण तेच बरं वाटतं. बेंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समधे २३ फेब्रुवारी २०१० ला नऊ माणसं गेली, धूर वर चढला, बाहेर पडायच्या वाटा धड मोकळ्या नव्हत्या, काहींनी खिडकीतून उड्या टाकल्या. तपासणी म्हणजे नुसता अलार्म नाही, बाहेर पडायचा रस्ता पण त्यातच येतो. रोज रात्री दहाला दोन्ही जिने चालत जाऊन, दार आतून किल्लीशिवाय उघडतंय का, पायऱ्यांवर गाद्या-ट्रंका नाहीत ना, इमर्जन्सी लाईट लागतोय का. या शेवटच्यासाठी तर हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची मदत आहेच, लाईट गेली की पटकन बघायचं कुठला दिवा लागला कुठला नाही, किती वेळ टिकला, आणि लिहून ठेवायचं. फुकटची टेस्ट.

प्रश्न: शाळेत सिलिंडरची तपासणी माझ्याकडं दिलीय, मी मराठीचा शिक्षक. सगळ्यांचे प्रेशरचे काटे हिरव्यात आहेत, एकाला काटाच नाही. तेवढं लिहून चालेल?

ज्याला काटा नाही तो बहुतेक सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा असणार, काळा भोंगा असतो त्याला. त्यात काटा नसतोच, त्याचं वजन करायचं. भरलेल्या वायूचं वजन लेबलवर असतं, त्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त घट आली की परत भरायला द्यायचा. म्हणजे त्याच्या पुढं ‘काटा हिरवा’ लिहिलेलं दिसलं तर तपासणाऱ्यानं सिलिंडर बघितलाच नाही हे उघड होतं, असे रिपोर्ट मी बघितलेत.

बाकीच्यांचं प्रत्येकी एक ओळ: नंबर, जागा, काटा, पिन आणि सील, नळीत तडा, पुढची भरायची तारीख, समोर बाकं रचून ठेवलीत का. पावडरवाला महिन्यातून एकदा उलटा करून हलवतात लोक, तुमच्या कंपनीच्या लेबलवर काय लिहिलंय तसं करा.

शाळा आहे म्हणून ड्रिलचं पान पण ठेवाच. कुंभकोणमला १६ जुलै २००४ ला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, त्यानंतर सुप्रीम कोर्टानं २००९ मधे शाळांना अग्निसुरक्षेचे आदेश दिले, शिक्षकांचं ट्रेनिंग पण त्यात आलं. ड्रिलचं लिहिताना ‘उत्साहात पार पडली’ असं वार्षिक अहवालासारखं लिहू नका सर, घंटा किती वाजता, मैदानावर शेवटचा वर्ग किती वाजता, पटावर किती आणि मैदानात मोजली किती, कुठल्या जिन्यात गर्दी झाली, एवढंच.

प्रश्न: बेळगावजवळ आमचं मंगल कार्यालय आहे. रजिस्टर मराठीत ठेवलं तर चालतं का? आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकतो आम्ही, ते पुरतं का?

रोजचं रजिस्टर जो भरतो आणि वाचतो त्याच्या भाषेत ठेवा. मॅनेजर मराठी लिहितो तर मराठी, रात्रीचा वॉचमन कन्नड लिहितो तर त्याची ओळ कन्नडमधे, तारीख-वेळ-नंबर नीट असले की झालं. खात्याला द्यायचे कागद आणि एजन्सीचा रिपोर्ट मात्र कन्नडमधे नाहीतर इंग्लिशमधे घ्या.

व्हॉट्सॲप पुरत नाही. फोटो काढा, चांगलं आहे, पण मोबाइल बदलला, मॅनेजर सोडून गेला की ग्रुप पण गेला. शिवलेलं, पानांवर नंबर असलेलं रजिस्टर ठेवा, महिनाअखेर पानांचे फोटो मेलवर टाका. भरलेलं रजिस्टर रद्दीत घालू नका, सिस्टीम आहे तोवर सुरुवातीचे नकाशे आणि बसवतानाचे टेस्ट रिपोर्ट तर हवेतच. आणि रजिस्टर पॅनेलपाशी पाहिजे, मालकांच्या कपाटात नको.

तुमच्या धंद्यात अजून एक पान लागतं ते म्हणजे कार्यक्रमाआधीचं. डेकोरेशनवाले पडदे लावताना लाल डबा झाकतात, बाहेर जायच्या दाराची पाटी फुलांच्या मागं जाते, जास्तीच्या खुर्च्या मागच्या दारात रचतात, आणि आचारी गॅसचा सिलिंडर मांडवाच्या कडेला आणून ठेवतो. अक्षतांच्या दोन तास आधी मॅनेजरनं डेकोरेशनवाल्याला घेऊन एक फेरी मारायची, झाकलेलं दिसलं तर तिथंच कापायला लावायचं, आणि त्या पानावर दोघांची सही. पडदा कापायचा म्हटलं की डेकोरेशनवाला कुरकुर करणार, म्हणून बुकिंगच्या पावतीवरच ही अट आधी छापून घ्या.